खुनी सापडला, कारण सापडलं नाही

कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी रहस्यनाट्य बसवायला घेतलं. नाटकातला खुनी शेवटच्या प्रवेशात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण निघतो. तालमी रंगात आल्या आणि प्रकाशयोजना सांभाळणारा तरुण यायचाच बंद झाला. फोन उचलेना. दिग्दर्शक शेवटी त्याच्या घरी गेला, तेव्हा कळलं की त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला हाच आजार आहे आणि संस्थेत इतकी वर्षं त्याने हे कुणाला कळू दिलेलं नाही. तो दिग्दर्शकाला एवढंच म्हणाला, ‘‘त्या सीनला मी लाल लाइट मारणार, आणि घरी जाऊन दादाला गोळी देणार. नाही जमत भावा मला.’’

मग ते दोघं माझ्याकडे आले. मी मनोविकारांच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते, नातेवाइकांचा एक गट चालवते. त्या संहितेचं पुढे काय झालं, ते इथे मांडते आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली, त्याआधीच्या काळातलं हे प्रकरण आहे.

मूळ संहिता

शिवाजी पेठेतला जुना वाडा. आईवडील वारलेले, दोन भाऊ. थोरला व्यवहार बघतो, धाकटा गप्प, आपल्याच तंद्रीत. वाड्याच्या जागेवर बिल्डरचा डोळा आहे आणि थोरल्याने खासगी सावकाराकडून टक्केवारीने उचललेले पैसे फुगत चालले आहेत. पहिल्या अंकात सावकाराचा खून होतो, मध्यंतराच्या तोंडावर त्याच्या कारकुनाचा, दुसऱ्या अंकात वाड्याचे कागद करणाऱ्या वकिलाचा. इन्स्पेक्टर थोरल्याच्या मागे लागतो. आणि अखेरच्या दहा मिनिटांत धाकटा एकाएकी हसायला लागतो, त्याचा आवाज बदलतो, मेलेल्या आईशी तो बोलतो आणि तिन्ही खून आपणच केल्याचं सांगतो. ‘‘आईनं सांगितलं.’’ पडदा.

संवाद चांगले होते. पेठेतली बोली कानाला खरी लागत होती, इन्स्पेक्टर आणि हवालदाराचे प्रवेश घट्ट बांधलेले होते. म्हणूनच शेवट वाचून मला वाईट वाटलं. कर्ज, जागा, सह्या हे सगळं लेखकाने मेहनतीने रचत आणलं होतं, आणि ते केवळ प्रेक्षकाला चकवण्यासाठी वापरून टाकून दिलं. जिथे खुनाचं कारण द्यायला हवं तिथे आजाराचं नाव दिलं. माझं या प्रकरणातलं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. निदान म्हणजे हेतू नव्हे. रहस्यकथा दोन प्रश्नांवर चालते, कोणी मारलं आणि का मारलं. खुनी मनोरुग्ण आहे म्हटलं की दुसऱ्या प्रश्नाला सुट्टी मिळते, कारण आजारी माणसाला ‘का’ विचारायचंच नसतं असं आपण सगळ्यांनी मानून ठेवलं आहे.

आता हा खुनी वागतो कसा ते बघा. सावकाराला मारताना त्याने हातमोजे घातले होते. गल्लीतला कॅमेरा चुकवून तो मागच्या बोळातून गेला. वकिलाला त्याने दुसऱ्याच्या फोनवरून बोलावून घेतलं. म्हणजे पावणेदोन तास तो थंड डोक्याने हिशेब करतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याला काही कळत नव्हतं असं आपल्याला सांगितलं जातं. कायदासुद्धा हे मानत नाही. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत कलम 84 होतं, 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. न्यायालय बघतं ते एवढंच की कृत्य करतेवेळी मनाच्या विकारामुळे त्या माणसाला आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं वा बेकायदेशीर आहे, हे समजत होतं की नव्हतं. दह्याभाई छगनभाई ठक्कर खटल्यात 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महत्त्वाचा क्षण तो कृत्याचा, आणि त्या क्षणाची मनःस्थिती ओळखायची तर आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं तपासायचं. आजाराचा कागद आहे म्हणून कोणी सुटत नाही. या कसोटीला आमच्या संहितेतला धाकटा एका तारखेतही टिकला नसता. लेखकाला हे पटलं, कारण तो पोलिसी तपास मन लावून लिहिणारा होता आणि स्वतःच्याच कथेतली ही फट त्याला दिसली.

वैद्यकाच्या बाजूने गोंधळ आणखी मोठा होता. आवाज ऐकू येणं स्किझोफ्रेनियातून घेतलं होतं. रात्री निराळाच माणूस होणं आणि सकाळी काही न आठवणं हे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर या वेगळ्याच विकारातून आलं होतं. आणि ते खदाखदा हसणं तर सिनेमातलं होतं. आईचा आवाज अंगात घेणारा मुलगा 1960 च्या ‘सायको’पासून पडद्यावर आहे. तिथेही शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळ्याचा उलगडा करतो. लेखकाने तो चित्रपट पाहिलेला नव्हता, पण त्याच वाटेने गेलेले किती तरी पाहिले होते. मराठीत ‘देवराई’ 2004 मध्ये येऊन गेला. त्यात हा आजार आणि त्याने थकलेली माणसं दिसतात, कुणाचा खून पडत नाही. तोही त्याने पाहिला नव्हता.

शॉकचा प्रवेश

प्रकाशयोजनाकार ज्या लाल दिव्याबद्दल बोलत होता तो इथला. दुसऱ्या अंकात धाकट्याच्या भूतकाळात नेणारा एक प्रवेश होता. त्याला खाटेला साखळीने बांधलंय, डॉक्टर बटण दाबतो, दिवे लुकलुकतात, अंग उडतं, किंकाळी. दिग्दर्शकाचा हा सगळ्यात लाडका प्रवेश.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये झाला. त्याच्या कलम 95 ने ज्यांना सरळ बंदी घातली आहे त्यांतल्या दोन गोष्टी इथल्या: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करायला, आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला. आज हा उपचार होतो तेव्हा माणूस झोपलेला असतो. औषधामुळे अंग फारसं हलतही नाही. किंकाळीचा प्रश्नच येत नाही. साधारण मिनिटभरात झटका संपतो, थोड्या वेळाने तो शुद्धीवर येतो. काही काळ गोंधळल्यासारखं होतं, काहींना त्या दिवसांतल्या गोष्टी आठवत नाहीत, हा खरा त्रास आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण जो माणूस दगडासारखा बसून राहिलाय, ज्याने अन्नपाणी सोडलंय, त्याचा जीव या उपचाराने वाचतो.

आमच्या गटातल्या एका आईने नेमक्या अशा वेळी नकार दिला होता. पोरगा भिंतीकडे तोंड करून बसलेला, पाण्याचा घोटही घशाखाली उतरत नव्हता. डॉक्टर समजावून थकले. नंतर मी त्यांना विचारलं, ‘‘मावशी, भीती कशाची वाटली?’’ त्यांनी मला एका सिनेमातला प्रवेश सांगितला. पट्टे, वायरी, तोंडात कोंबलेला बोळा, सगळं. तो उपचार त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेलाच नव्हता. ही हकीकत मी दिग्दर्शकाला सांगितली तेव्हा त्याने काही न बोलता संहितेतलं ते पान दुमडलं. कापलं नाही, दुमडलं. कापायला त्याला आणखी आठवडा लागला.

रामन राघव आणि गावित

लेखक मात्र सहजी हटणारा नव्हता, आणि त्याचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. ‘‘मॅडम, रामन राघव खरा होता की. तो काय मी मनानं रचलाय?’’

होता. 1968 मध्ये मुंबईत फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारणारा पकडला गेला. त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे वैद्यकीय मंडळाने तपासून तो बरा न होणाऱ्या मानसिक आजाराने ग्रासलेला असल्याचं सांगितलं, शिक्षा जन्मठेपेवर आली आणि 1995 मध्ये तो वारला. मी लेखकाला विचारलं की पन्नासहून जास्त वर्षांनंतरही आपण सगळे उदाहरण द्यायला त्याच एका नावाकडे का जातो? दुसरं पटकन आठवतं का? त्याला आठवेना.

आणि मग मी त्याला आपल्याच जिल्ह्यात आणलं. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. 1990 ते 1996 या काळात लहान मुलं पळवायची, चोरीत त्यांची ढाल करायची, आणि नकोशी झाली की मारायची. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली, दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती जन्मठेपेत बदलली. कोल्हापुरात आजही पोरं रस्त्यावर लांब गेली की आयांच्या पोटात गोळा येतो तो या प्रकरणामुळे. त्यात वेड कुठे होतं? पैसा होता, सराव होता, पकडलं जाऊ नये म्हणून केलेला विचार होता. गावाला आठवणारा सगळ्यात काळा गुन्हा शहाण्या माणसांनी केलेला आहे, आणि नाटकात मात्र आपल्याला खुनी म्हणून गोळ्या खाणारा भाऊ लागतो.

आकड्यांचंही बोलणं झालं. स्वीडनमध्ये 1988 ते 2000 या काळातल्या हिंसक गुन्ह्यांचा देशभराचा हिशेब मांडला गेला, त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्यांचा वाटा साधारण पाच टक्के निघाला. म्हणजे शंभरातले पंचाण्णव इतरांचे. शिकागोतल्या 2005 च्या एका अभ्यासात असे रुग्ण हिंसेला बळी पडण्याचं प्रमाण इतर लोकांच्या अकरा पटींहून जास्त दिसलं. मी लेखकाला दुसरी बाजूही सांगितली. उपचार नसतील, संशय टोकाला गेला असेल आणि वर दारू किंवा गांजा असेल, तर धोका वाढतो. काही जणांना आवाज हुकूमही देतात. असा प्रसंग आला तर मार बहुतेकदा घरच्यांनाच बसतो, अनोळखी सावकाराला क्वचित. पण तो धोका औषधांनी कमी होतो, आणि औषधापर्यंत पोचू न देणारी गोष्ट म्हणजे लाज. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्क्यांपर्यंत होतं. त्यामागे डॉक्टरांची टंचाई आहे, पैसा आहे, अंगारे-धुपारे आहेत. पण माझ्या गटातली माणसं कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग दारात असताना आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात, ती केवळ ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. शेजारीण विचारते तेव्हा गोळ्या पित्ताच्या असतात. मुलीचं लग्न ठरेपर्यंत काकाला मळ्यातल्या घरात ठेवलेलं असतं. एखाद्या नाटकाने हे सगळं निर्माण केलं असं मी म्हणत नाही. पण नाट्यगृहात बसलेल्या माणसांत अशी घरं असतात, आणि शेवटच्या प्रवेशात ‘‘आईनं सांगितलं’’ ऐकून ती एकमेकांकडे न बघता बाहेर पडतात.

तालमीची खोली

संहिता बदलायचं ठरलं ते या वादांमुळे कमी आणि एका संध्याकाळमुळे जास्त. आमच्या गटातला एक जण स्वतः हा आजार घेऊन जगतो, नोकरी करतो. तो धाकट्याचं काम करणाऱ्या नटाला भेटायला तयार झाला. मी सोबत होते.

नटाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आवाज काय सांगतात?’’ त्याला बहुतेक काही तरी भयंकर ऐकायचं होतं. आमच्या गटातला तो म्हणाला, ‘‘टोमणे मारतात. मी चहात साखर घालत असलो की एक जण म्हणणार, बघ, साखर घालतोय. दुसरा म्हणणार, त्याला तेवढं पण जमत नाही. दिवसभर हेच. पंखा लावला की जास्त, कारण पंख्याच्या घरघरीतनं येतात.’’ मग तो थोडं थांबून म्हणाला, ‘‘मला कुणाला मारायचं नसतं. मला त्यांनी गप बसायला पाहिजे असतं.’’

तेवढ्यात चहा आला. त्याने काचेचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. गोळ्यांमुळे बोटं थरथरतात, एका हाताने धरला तर सांडतो. उत्तर देण्याआधी तो प्रत्येक वेळी किंचित थांबत होता. नटाने कारण विचारलं. ‘‘तुम्ही बोलता तेव्हा ते पण बोलतात. त्यांचं संपू देतो, मग तुमचं आठवून उत्तर देतो.’’

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत नटाने डोळे मोठे करणं बंद केलं. इन्स्पेक्टरने प्रश्न विचारला की तो थांबायचा, मान जराशी कलती, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं संपायची वाट बघतोय. आधी चार सेकंद, मग सहा. इन्स्पेक्टरचं काम करणारा गडबडून स्वतःचं वाक्य विसरला. त्या थांबण्यात जी भीती होती ती लाल दिव्यात आणि किंकाळीत नव्हती. दिग्दर्शकाने हे सगळ्यांत आधी ओळखलं, आणि याचं श्रेय त्याला द्यायला हवं. ‘‘ह्यो खुनी नाही वाटत आता,’’ तो म्हणाला. ‘‘ह्याला कुणी तरी अडकवतंय असं वाटतंय.’’

फेरलेखन

तिथून संहिता उलटी झाली. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायची मुदत जवळ आली होती, त्यामुळे लेखकाने रात्री जागून काम केलं. खुनी थोरला. कर्ज आणि जागा, जे आधीपासून तिथे होतंच, ते आता कारण झालं. वाडा विकायला धाकट्याची सही हवी, तो देत नाही. थोरला त्याला वेडा ठरवून सही निकामी करायला निघतो. इथे मी लेखकाला कायद्यातली एक तरतूद दाखवली आणि त्याने तिच्यावर अख्खा प्रवेश उभा केला. 2017 च्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी बुद्धिभ्रष्ट ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानेच जाहीर करावं लागतं. वकील हेच थोरल्याला सांगतो, ‘‘डॉक्टरची फाइल घेऊन काय करू? तो सही करायला शहाणा आहे.’’ म्हणून वकील मरतो. त्याच्या मरणाला पहिल्यांदाच कारण मिळालं.

सगळ्यात क्रूर भाग लेखकाचा स्वतःचा आहे. थोरला धाकट्याच्या गोळ्या बंद करतो. डबीत दुसऱ्याच पांढऱ्या गोळ्या भरून ठेवतो, आणि मोहल्ल्यासमोर, पोलिसांसमोर तो बिघडत जाताना शांतपणे बघत राहतो. रक्ताचा शर्ट त्याच्या ट्रंकेत ठेवतो. पेठ लगेच विश्वास ठेवते. हवालदारही ठेवतो. आणि प्रेक्षकही ठेवतो, कारण सवय तीच आहे. रहस्यनाट्य म्हणून ही संहिता पहिलीपेक्षा कितीतरी सरस झाली, असं माझं ठाम मत आहे. गर्द, काळं, अंगावर येणारं नाटक हवं असेल तर माणूस शुद्धीत राहून आपल्या भावाशी काय करू शकतो, याहून काळं काय दाखवणार?

प्रकाशयोजनाकार परत आला. शॉकचा प्रवेश गेला होता, त्या जागी डबीत गोळ्या बदलण्याचा मूक प्रवेश आला होता. त्याने तो साध्या पिवळ्या बल्बवर केला, स्वयंपाकघरात असतो तसा.

प्रयोगाला मी मागच्या रांगेत होते. डबीच्या प्रवेशाला माझ्या पुढच्या ओळीतली एक बाई ‘‘अगं आई’’ म्हणाली. नाटक प्राथमिक फेरीतून पुढे गेलं नाही. संस्थेत त्यावरून कुरबुर झाली, मूळ शेवट जास्त ‘बसला’ असता असं दोघातिघांचं आजही म्हणणं आहे. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण बक्षिसासाठी तालमी करणाऱ्यांची हळहळ मी समजू शकते.

राहिलेला भाग

प्रयोगानंतर प्रकाशयोजनाकाराच्या बायकोने मला गाठलं. ती थोरल्या दिरासह प्रयोगाला आली होती. नाटक आवडलं, असं म्हणाली, आणि मग तिने जे विचारलं त्याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. ‘‘मॅडम, आधी तो खुनी होता, आता बिचारा झाला. पण करतो काय तो दिवसभर? आमचे भाऊजी घरी बसून चपलांच्या वेण्या विणतात. हात थरथरतो म्हणून दिवसाला कमी होतात, पण त्यांच्या हातची वेणी दुकानदार मागून घेतो. बाजारात मला फसवलं तर तेच दुकानदाराशी भांडतात. असं माणूस नाही का दाखवता येत?’’

तिचं बरोबर आहे. नव्या संहितेतल्या धाकट्याला सही नाकारण्यापलीकडे काही काम नाही, आवड नाही, राग नाही. शेवटी तो वाचतो, पण वाचवतो इन्स्पेक्टर. लेखकाने त्यानंतर एक प्रवेश लिहून पाहिला, ज्यात धाकटा स्वतःच डबीतल्या गोळ्या वेगळ्या असल्याचं ओळखतो. वर्षानुवर्षं रोज घेतलेली गोळी माणूस हाताला लागली की ओळखतो, आमच्या गटातल्या कोणीही हे सांगेल. मला तो प्रवेश योग्य वाटतो. दिग्दर्शकाचं म्हणणं, तो तिथे आला तर रहस्य अर्ध्या तासात फुटतं. दोघांत अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरेपर्यंत गडहिंग्लज आणि इचलकरंजीचे प्रयोग लावायचे नाहीत, असा प्रकाशयोजनाकाराने हट्ट धरला आहे.